सव्वीस जणींची लाइन

३ मार्च २०२५, सोमवार

झाले सुपरवायझर!

सकाळी आठला शेखर सर स्वतः शेडमध्ये आले. प्लँट मॅनेजर एरवी काचेच्या केबिनमधून खाली उतरत नाहीत. सगळ्या जणींसमोर म्हणाले, "आजपासून ही लाइन तेजस्विनी बघतील." बघतील! कालपर्यंत मी याच लाइनवर सात नंबरच्या बोर्डाला उभी राहून वायरींवर टेप गुंडाळत होते. आठ वर्षं. गाडीच्या पोटात वायरींचे जुडगे असतात ना, त्यांना हार्नेस म्हणतात – ते दिवसाला सहाशे बनवतो आम्ही. गाडी घेणाऱ्याला ते जन्मात दिसत नाहीत.

टाळ्या वाजल्या. पल्लवीने सगळ्यात शेवटी वाजवल्या. मी बघितलं.

मग केबिनमध्ये बोलावून सरांनी खरं ते सांगितलं. आपला माल फार परत येतोय. दिवसाला चाळीसच्या वर हार्नेस नापास होतात. मार्चअखेरपर्यंत सुधारलं नाही तर ही लाइन चाकणच्या कारखान्यात जाणार. "खाली बोलू नका." म्हणजे सव्वीस जणींचं काम जाणार हे फक्त मला माहीत! आणि हातात तीन पुस्तकं ठेवली. मराठीतच आहेत. "वाचा. माणसांकडून काम कसं करून घ्यायचं ते सगळं यात आहे."

एका पुस्तकावर डोंगरावर हात पसरून उभा असलेला माणूस आहे, एक निळं आहे, एक नुसतंच जाड. डोंगरवाल्यात पहिल्याच पानावर लिहिलंय – रोज दहा ओळी लिहा, त्याशिवाय नेता होता येत नाही. म्हणून ही वही. माझ्या लेकीची, आरोहीची, गणिताची, अर्धी कोरी राहिलेली.

दहाच्या वर झाल्या.

४ मार्च

आधीचे सुपरवायझर योगेश सर जाताना सगळं तसंच ठेवून गेलेत – टेबल, खुर्ची, शिट्टी, आणि खिळ्याला लटकवलेला लाल बिल्ला. बाथरूमला जायचं तर बिल्ला घ्यायचा, वहीत वेळ लिहायची, परत आलं की पुढची जाणार. एका वेळी एक. आता तो बिल्ला माझ्या टेबलाशी.

जेवायच्या सुट्टीत नेहमीच्या जागी गेले. पल्लवीने डबा उचलला आणि सरकली. "बसा ना मॅडम."

आठ वर्षं तिच्या डब्यातली नागलीची भाकरी आणि माझ्या डब्यातली भाजी. आठ वर्षं "तेजे". आणि आता मॅडम!

६ मार्च

डोंगरवाला म्हणतो – चारचौघांत कौतुक करा, माणूस फुलतो. आरशासमोर तीनदा म्हणून बघितलं. मग आज शेडच्या मध्यभागी उभी राहून मोठ्याने म्हणाले, "पल्लवी, तुझ्या कामातली निष्ठा आम्हा सर्वांना प्रेरणा देते."

पल्लवी लालेलाल. टेस्टिंग टेबलवरच्या वत्सलाबाई – आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या, निफाडकडच्या – चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अगं, सत्काराला आल्यासारखी काय बोलतीस? तिला बरं वाटंना का तुला?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. काय करणार.

७ मार्च

नापास – चव्वेचाळीस.

१० मार्च, सोमवार

आज वाईट झालं.

निळ्या पुस्तकात 'आठवड्याचा तारा' अशी युक्ती आहे. ज्याचं काम चांगलं त्याचा फोटो भिंतीवर लावायचा, बाकीच्यांत ईर्ष्या येते. पवननगरला जाऊन फोटो मोठा करून आणला, सोनेरी कागदाची कडा लावली. तारा कोण, यात वादच नव्हता. पल्लवीइतका साफ टेप कोणाचाच नसतो.

आठला सगळ्या आल्या. फोटोसमोर थांबल्या. कोणीतरी मागून म्हणालं, "हार आणायचा राहिला." दुसरीने हात जोडले! सगळं शेड हसून हसून वाकलं.

पल्लवी सरळ गेली, फोटो काढला, चार तुकडे केले आणि माझ्या टेबलावर ठेवले. "भिंतीवर लावायला मी मेले का? तुला काय करायचं ते कर. माझ्यावर नको करू."

त्यातल्या त्यात एवढंच बरं – मॅडम म्हणायचं विसरली.

कडा चिकटवायला दीड तास गेला होता.

११ मार्च

पल्लवी आली, मान खाली, काम केलं, गेली. माझ्याशी शब्द नाही. नापास सत्तेचाळीस. सरांनी वरून काचेतून बोटाने घड्याळ दाखवलं.

१३ मार्च, होळी

पुरणपोळ्या. काहीही वाचलं नाही. बरं वाटलं.

१५ मार्च, शनिवार – धुळवडीला जोडून सुट्टी

जाड पुस्तक उघडलं. आरोही शेजारी बसून मोठ्याने वाचत होती – "कर्मचाऱ्याच्या मनात डोकावा." मग थांबली. "आई, कर्मचारी म्हणजे तू?"

मी म्हटलं, आत्ता आत्तापर्यंत मीच.

"मग तुझ्या मनात कोणी डोकावलं का?"

माझा नवरा, हर्षल, आतून ओरडला, "मी रोज डोकावतो, काही दिसत नाही!" याला सगळं हसण्यावारी न्यायचं असतं. पण नंतर चहा घेऊन आला आणि बसून राहिला माझ्याजवळ. त्याला मी चाकणचं सांगितलंय. त्याच्याशिवाय कोणाला नाही.

जाड पुस्तकाचं म्हणणं – सांगू नका, विचारा. नाव न घालता लिहू द्या. ही गोष्ट मला पटली. सोमवारी चिठ्ठ्या वाटणार. जाड पुस्तकातलं सातवं प्रकरण मात्र सोडून दिलं. हवा, उजेड, पाणी, फरशी, कसली कसली मापं – एक गोष्ट नाही, एक किस्सा नाही. डोळे मिटायला लागले.

१८ मार्च

काल खोका ठेवला. 'काम करताना काय अडचण येते?' – एवढाच प्रश्न. आज उघडला.

सव्वीस चिठ्ठ्या. बावीस कोऱ्या! एकीवर 'पंखा'. एकीवर 'सगळं छान आहे मॅडम'. एकीवर फूल काढलंय.

आणि एकीवर – 'तुम्हाला माहीत आहे.'

काय माहीत आहे मला? संध्याकाळभर तेच. अक्षर ओळखू येत नाही, मुद्दाम छापल्यासारखं काढलंय. चिठ्ठी पर्समध्ये ठेवलीय.

१९ मार्च, रंगपंचमी

सुट्टी. आरोही ओळखू येईना इतकी रंगून आली. मला ती चिठ्ठी ओळखू येत नाही.

२० मार्च

निळ्या पुस्तकाने आज कामाचं काहीतरी दिलं, हे लिहून ठेवते, नाहीतर सगळ्याच पुस्तकांवर राग काढीन. त्यात लिहिलंय – चूक कोणाची हे आधी विचारू नका, चूक कधी होते ते विचारा.

म्हणून वत्सलाबाईंना सांगितलं, प्रत्येक नापास हार्नेसवर वेळ लिहा. त्या म्हणाल्या, "नाव नको लिहू ना?" नको. "मग लिहिते." एका शब्दात कळलं, या बाईने आजवर किती जणींना झाकलं असेल.

२३ मार्च

तीन दिवसांचे आकडे. सकाळी आठ ते बारा – चार-पाच नापास. फक्त! अडीचनंतर – तीस, बत्तीस, एकोणतीस.

म्हणजे हात तेच, वायर तीच, बोर्ड तेच. दुपारी काय होतं?

जेवणानंतर झोप येत असणार. उद्यापासून दुपारी रेडिओ लावणार आणि शेंगदाण्याची चिक्की वाटणार.

२४ मार्च, सोमवार

चिक्की वाटली. रेडिओ लावला. सव्वातीनला पल्लवी पडली.

बोर्डाला धरता धरता पडली. कपाळ कोपऱ्याला लागता लागता वाचलं. तळहात थंडगार, ओठ सुकलेले. वत्सलाबाईंनी मांडीवर डोकं घेतलं. मी रिक्षा बोलावली आणि तिला घेऊन पाथर्डी फाट्याच्या दवाखान्यात गेले. सरांना विचारायलाही थांबले नाही.

डॉक्टर बाई होत्या. नाडी बघितली, पोट दाबलं. विचारलं, दिवसाला पाणी किती पिता?

"घरून निघताना एक गिलास."

"आणि कामावर?"

पल्लवीने मान हलवली – नाही.

"लघवीला जळजळ होते का?"

"व्हते." मग हळूच, "ह्या वर्षात तिसऱ्यांदा."

सलाईन लावली. मी बाहेर बाकावर बसले. आणि मग डोक्यात उजेड पडला, आणि उजेड कसला – शरम.

मलाही माहीत होतं! आठ वर्षं मीही पाणी पीत नव्हते. आमच्या शेडमधलं बायकांचं बाथरूम दोन वर्षांपूर्वी बंद केलं, तिथे खोके ठेवले. तेव्हापासून पटांगण ओलांडून मागच्या शेडमध्ये जायचं. पुरुषांच्या रांगेसमोरून. बिल्ला घेऊन, वहीत वेळ लिहून. जास्त वेळ लागला की योगेश सर सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे. मग एकेक बाई पाणीच सोडून देते. दुपारी डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे वायरी एकात एक मिसळतात, लाल की तपकिरी कळत नाही. हे सगळं माझ्या अंगातून गेलेलं आहे.

आणि सुपरवायझर झाल्यापासून मी ऑफिसचं बाथरूम वापरते. टेबलावर बाटली असते. एकवीस दिवस झाले. एकवीस दिवसांत विसरले!

परत येताना रिक्षात पल्लवी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "तू बी नाय प्यायची पाणी. इसरलीस?"

म्हटलं, ती चिठ्ठी तुझी ना?

"नाय. मी कोरी टाकली. तुला सांगावं लागंल असं वाटलंच नव्हतं मला."

यापेक्षा तिने एक थोबाडीत दिली असती तर बरं.

मग चुंचाळ्याला तिच्या खोलीपाशी उतरताना म्हणाली, "उद्या नाय येत. परवा येते, तेजे."

त्याच दिवशी, जेवणानंतर

जाड पुस्तक काढलं. सातवं प्रकरण. सोडून दिलेलं. पान एकशे बारा – पिण्याचं पाणी कामाच्या जागेपासून किती लांब असावं, स्वच्छतागृह किती अंतरावर असावं, जाण्यासाठी परवानगी मागावी लागू नये. लिहिलंय! सगळं लिहिलंय, साध्या भाषेत, कुठे हसरा माणूस नाही, कुठे प्रेरणा नाही. मी ते कंटाळवाणं म्हणून उलटलं होतं.

२५ मार्च

बिल्ला काढला. वेळा लिहायची वही बंद करून कपाटात ठेवली. लाइनच्या दोन्ही टोकांना पाण्याचे जार ठेवले.

सगळ्यांना म्हणाले – पाठ करून नाही, जसं आलं तसं – "पाणी प्या. जायचं तेव्हा जा. मला विचारू नका. माझी चूक झाली." एवढंच. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी पाणीही प्यायलं नाही. अकरापर्यंत जार तसेच भरलेले. मग वत्सलाबाई उठल्या, गटागटा दोन ग्लास प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि सगळ्यांच्या देखत पटांगणाकडे चालू लागल्या. कमरेवर हात ठेवून, सावकाश! त्यांच्यामागून बाकीच्या.

पण पटांगण ओलांडून जायला-यायला सात-आठ मिनिटं. दुपारी चार-चार बोर्ड रिकामे. सर खाली आले. "हे काय चाललंय?"

सांगितलं. तासांचे आकडे दाखवले. म्हटलं, शेडमधलं बाथरूम उघडून द्या.

"तिथे खोके आहेत."

"खोके दुसरीकडे ठेवू."

"मार्च संपू दे, मग बघू."

म्हटलं, सर, मार्च संपला तर लाइनच नसेल. मी जरा मोठ्याने बोलले. शेडने ऐकलं. पल्लवी सोडून पंचवीस जणींनी. सर निघून गेले. आणि माझ्याकडे सगळ्या बघताहेत.

मग सांगून टाकलं. चाकण. महिनाअखेर. सगळं.

कोणीतरी म्हणालं, "तीन आठवडे एकटीच घेऊन फिरत होतीस?"

२६ मार्च

साडेबारा. जेवायची सुट्टी झाली. कोणी डबा उघडला नाही.

मी काही बोलले नव्हते, देवाशपथ. वत्सलाबाई उठल्या, जुन्या बाथरूमच्या दारापाशी गेल्या आणि पहिला खोका उचलला. "चला गं. अर्धा तास हाय."

आणि मग रांगच लागली! या हातातून त्या हातात. लाइनवर हार्नेस पुढे सरकतो तसे खोके सरकत होते, नुसते भराभर. पल्लवी आली होती आज – तिला म्हटलं, तू बस. "बसायला आले का मी?" खोके मालाच्या खोलीत नीट रचले, वर नावं दिसतील अशी. मीही उचलत होते. सुपरवायझरने उचलावं की नाही हे कुठल्या पुस्तकात आहे कोणास ठाऊक.

मेंटेनन्सचे गोटीराम काका पाना घेऊन आले. नळ फिरवला. खळकन पाणी! काका म्हणाले, "पाणी चालूच होतं की. कोणी तोडलंच नव्हतं." म्हणजे दोन वर्षं पाणी दाराच्या पलीकडे उभं होतं आणि आम्ही अलीकडे.

पाच मिनिटं उरली होती. झाडून, धुऊन घेतलं. एक वाजता सगळ्या बोर्डावर. एकही मिनिट उशीर नाही.

डबे चारला खाल्ले.

२७ मार्च

पत्र आलं. 'परवानगीशिवाय साठवणुकीची जागा रिकामी केल्याबद्दल दोन दिवसांत लेखी खुलासा द्यावा.' खाली शेखर सरांची सही.

हे सुपरवायझरपद गेलं तर परत बोर्डावर तरी घेतील का? हर्षल म्हणाला, "घेतील नाहीतर नाही घेणार. तू चुकीचं केलंस का?" नाही. "मग जेव."

२८ मार्च

पत्राचं कळलं सगळ्यांना, कसं कोणास ठाऊक. पल्लवी टेबलापाशी आली. "लिही, आम्ही हलवले खोके."

म्हटलं, नाही. मी सुपरवायझर आहे, मी लिहिणार, माझ्या नावाने.

"बरं," म्हणाली. "मग अक्षर चांगलं काढ." आणि जाता जाता माझ्या टेबलावर नागलीची भाकरी ठेवून गेली, फडक्यात बांधून.

खुलासा लिहिला. माफी मागितली नाही. एका पानावर तासांचे आकडे, दोन रकाने – दार उघडायच्या आधी, नंतर. खाली लिहिलं, जागा रिकामी करायचा निर्णय माझा आहे.

काल नापास – सतरा. आज – चौदा.

१ एप्रिल, मंगळवार

सर खाली आले. हातात माझं पान. लाइनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. मग बाथरूमपाशी गेले, दार ठोठावलं, आत कोणी नाही बघून डोकावले. बाहेर आले. सगळ्यांचे हात चालू, कान तिकडे.

"आतल्या दिव्याला झाकण नाही," म्हणाले. "आणि आरसा हवा एक."

वत्सलाबाई म्हणाल्या, "आरसा लावला तर माल कमी निघंल साहेब."

सर हसले! मी त्यांना आठ वर्षांत पहिल्यांदा हसताना बघितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "काल अकरा. मी वर पाठवलंय. जूनपर्यंत लाइन इथेच, पुढचं तेव्हा बघू. आणि तेजस्विनी – मला कोणी सांगितलं का नाही दोन वर्षांत?"

म्हटलं, सर, तुम्ही कोणाला विचारलंत?

तोंडातून निघून गेलं. पण ते रागावले नाहीत. माझं पान त्यांनी घडी करून खिशात घातलं.

३ एप्रिल

नापास नऊ.

नऊ म्हणजे शून्य नाही. त्यातले पाच तीन नंबरच्या बोर्डाचे, तिथला दिवा मिणमिणतो. उद्या गोटीराम काकांना सांगायचं. जाड पुस्तक, सातवं प्रकरण, पान एकशे अठरा – उजेड. आता ते प्रकरण मला कादंबरीसारखं वाटायला लागलंय!

७ एप्रिल, सोमवार

सरांनी केबिनमध्ये बसायला सांगितलं. खुर्चीवर. समोर मागच्या शेडचा कागद. प्रेस शॉप, म्हणजे पत्रा कापायची-दाबायची मशीनं, चाळीस पुरुष, दोन महिन्यांत तीन जणांची बोटं चिरली, दोन सुपरवायझर सोडून गेले. "उद्यापासून तुम्ही. तुमची लाइन पल्लवी बघेल, मी तिच्याशी बोललोय."

आणि मग, कागद सारखे करत – "तिथल्या पुरुषांना बाई सुपरवायझर नको आहे. मला तोंडावर सांगितलंय तसं."

मी हो म्हणाले.

उद्या आठला जाते. भाषण नाही. सांगणार, मला मशीन शिकवा, आणि आख्खी शिफ्ट त्यांच्यात उभी राहून काम करणार.